घुंऽऽऽ... टक्! एसीला धक्का कुणी द्यायचा?

रिमोट दाबला, पंखा फिरला, पण गार हवेचा पत्ता नाही. मेस्त्री म्हणतो कॉम्प्रेसर गेला, शोरूमवाला म्हणतो नवाच घ्या, आणि शेजारचे काका म्हणतात, ‘अरे, एक कंडेन्सर टाकून बघ की!’ यातलं नेमकं खरं कोण बोलतंय? पगाराला हात लावण्याआधी हे वाचाच.

मे महिन्यातली रात्र. दिवसभर लोअर परळच्या कमला मिल्समध्ये किंवा फोर्टातल्या एखाद्या ऑफिसात तुम्ही सेंट्रल एसीत कुडकुडत बसलेले असता. खुर्चीच्या पाठीला लटकवलेलं जॅकेट घालून! मग गर्दीची लोकल पकडून किंवा चालत चालत लालबागच्या, गिरगावच्या दहा बाय बाराच्या खोलीत परत येता. घरी आजी-आजोबा पदराने नाहीतर वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले. त्यांच्यासाठीच तर हप्त्यावर किंवा ओळखीतून सेकंडहँड विंडो एसी घेतलेला असतो. बटण दाबता. पंखा सुरू होतो. मग आतून आवाज येतो : घुंऽऽऽ... टक्! पुन्हा तीन-चार मिनिटांनी घुंऽऽऽ... टक्! समोरच्या ट्यूबलाइटचा जीवही प्रत्येक वेळी खालीवर होतो. हवा मात्र ढिम्म गरम.

बॉस, हा आवाज नीट ऐका. तुमच्या एसीची तब्येत या दोन अक्षरांत आहे. ‘घुं’ म्हणजे कॉम्प्रेसरची मोटर फिरायचा प्रयत्न करतेय, पण फिरत नाहीये. ‘टक्’ म्हणजे ती जळून जाऊ नये म्हणून तिच्या डोक्यावर बसवलेल्या ओव्हरलोडने वैतागून करंट तोडला. मोटर जरा थंड झाली की तो पुन्हा जोडणार, आणि पुन्हा तेच. असं रात्रभर चालू दिलंत तर एक दिवस ‘घुं’ही येणार नाही. मग मात्र कॉम्प्रेसर खरोखरच गेलेला असेल.

पंख्याला काठी, टॅक्सीला धक्का

फंडा समजून घ्यायला इंजिनीअर असायची गरज नाही. तुमच्या घरातला जुना सीलिंग फॅन आठवा. बटण दाबल्यावर नुसता गुणगुणायचा आणि बाबा झाडूच्या दांड्याने पात्याला ढोसलं की मस्त गरगरायचा. तोच प्रकार! किंवा ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून रिटायर झालेली ती काळीपिवळी फियाट टॅक्सी आठवा. पावसात बंद पडली की चार पोरांनी मागून ढकलायची. पहिले दोन हात अंतर जायला जीव जायचा, पण एकदा चाकं फिरली की एकटा ड्रायव्हरही पुढची गल्ली गाठायचा. लालबागला विसर्जनाच्या दिवशी गाडी जागची हलवताना किती हात लागतात आणि ती चालायला लागल्यावर किती पुरतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मोटरचंही तसंच. चालू राहायला कमी ताकद लागते, चालू व्हायला खूप लागते. दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला एसी चालताना साधारण सात-आठ अँपिअर करंट खातो. पण सुरू होण्याच्या क्षणी तोच एसी त्याच्या चार-पाच पट, म्हणजे तीस-पस्तीस अँपिअर ओढतो. क्षणभरच! पण त्या क्षणी घरची वीज कमी पडली तर सगळा खेळ खल्लास.

त्यात कॉम्प्रेसरचं दुखणं पंख्यापेक्षा वाईट. पंख्याच्या पात्याला अडवणारी फक्त हवा असते, कॉम्प्रेसरसमोर दाबाखाली भरलेला गॅस असतो. एसी नुकताच बंद झालेला असताना एका बाजूला दाब जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो. दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्याआधीच लाइट जाऊन आली, किंवा घरातल्या कुणी रिमोटशी चाळा केला, तर मोटरला उभ्या चढावर गाडी सुरू करावी लागते. आणि कॉम्प्रेसर सीलबंद डब्यात असल्यामुळे दांडा घालून ढोसायचीही सोय नाही!

गिरणीला जमायचं, खोलीला का नाही?

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्याच गल्लीतला आहे. १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायला सुरुवात केली. परळ-लालबागच्या गिरण्यांत विजेच्या मोटरी गरगरायला लागल्या. त्या मोटरींना धक्का कुणी द्यायचा? कुणीच नाही! कारण त्यांना मिळायची थ्री फेज वीज. तीन तारांमधला करंट एकामागोमाग एक चढतो, त्यामुळे मोटरच्या आत फिरणारं चुंबकीय क्षेत्र आपोआप तयार होतं. समजा, तिघं जण मेरी-गो-राउंडभोवती उभे राहून पाळीपाळीने ढकलतायत. ते फिरणारच.

गिरणीत राबणारा कामगार चाळीतल्या खोलीत परत यायचा, तिथे मात्र सिंगल फेज. तिथे ढकलणारा एकच, आणि तोही फक्त पुढे-मागे करणारा. मेरी-गो-राउंड नुसतं थरथरतं, कुठल्या बाजूला फिरायचं तेच त्याला कळत नाही. हेच तुमच्या एसीचं ‘घुं’.

यावर उपाय म्हणून सिंगल फेज मोटरमध्ये दोन वाइंडिंग असतात, एक रनिंगचं आणि एक स्टार्टिंगचं. स्टार्टिंग वाइंडिंगच्या वाटेत एक कपॅसिटर बसवला की त्यातला करंट वेळेत थोडा पुढे सरकतो. म्हणजे ढकलणारा दुसरा गडी मिळाला, आणि तोही वेगळ्या क्षणी ढकलणारा. झालं, चक्र फिरलं. आपले पंखेवाले, पंपवाले या कपॅसिटरला सर्रास ‘कंडेन्सर’ म्हणतात. पंख्यापुरतं ठीक आहे, पण एसीत कंडेन्सर म्हणजे बाहेरच्या बाजूची गरम होणारी कॉईल. त्यामुळे ‘साब, कंडेन्सर गया’ असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, ‘कौन सा, डिब्बेवाला या कॉईलवाला?’ दोन्हींच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा एक प्रश्न विचारलात तरी समोरचा जरा जपून बोलायला लागतो.

दोन डबे, दोन स्वभाव

आता मुख्य पात्रांची ओळख. पहिला, रनिंग कपॅसिटर. ॲल्युमिनियमचा चकचकीत डबा, आत प्लॅस्टिक फिल्मची गुंडाळी. दीड टनाच्या साध्या एसीत तो साधारण ३५ ते ५० मायक्रोफॅरडचा असतो. मोटर चालू असेपर्यंत हा पूर्ण वेळ ड्युटीवर. शांत, टिकाऊ, पण उन्हाने, गरमीने आणि वयाने हळूहळू ढिला पडणारा. डब्यावर ५० लिहिलेलं असतं आणि मोजलं तर भरतात ४०. म्हणजे धक्का मारणारा गडी आहे, पण अंगात त्राण नाही.

दुसरा, स्टार्टिंग कपॅसिटर. हा बहुतेकदा काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात येतो. आकार लहान, पण क्षमता मोठी. हा पैलवान आहे, पण फक्त एका क्षणाचा. सुरू होताना जोरदार रेटा द्यायचा आणि सेकंदाच्या आत बाजूला व्हायचं. जास्त वेळ लाइनीत राहिला तर तापतो, फुगतो आणि फुटतोसुद्धा. म्हणून त्याच्यासोबत एक रिले लागतो, जो मोटरने वेग घेतला की त्याला बाहेर काढतो. हा पैलवान आणि त्याला वेळेवर हाक मारून बाहेर बोलावणारा रिले, या जोडगोळीला म्हणतात हार्ड स्टार्ट किट.

रिलेचे प्रकार मुख्यतः दोन. पोटेन्शियल रिले मोटरच्या स्टार्टिंग वाइंडिंगवर तयार होणारं व्होल्टेज बघतो आणि ते पुरेसं चढलं की कपॅसिटर तोडतो. दुसरा पीटीसीवाला. त्यातली चकती करंटने तापते आणि तापली की करंट जवळजवळ अडवून धरते. स्वस्त आणि सुटसुटीत, पण ती चकती पुन्हा गार व्हायला काही मिनिटं लागतात. म्हणजे एसी बंद करून लगेच सुरू केलात तर किट असून नसल्यासारखं!

व्हॅनिटीतला गारवा

अमेरिकेत घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन लोक महिनोन् महिने फिरतात. त्यांच्या टपावर एसी असतो, साधारण १३,५०० बीटीयूचा, म्हणजे आपल्या हिशेबात एक टनापेक्षा थोडा जास्त. जंगलात वीज कुठली? मग छोटा जनरेटर. एसी चालताना जनरेटर आरामात पेलतो, पण सुरू होताना त्याची बोबडी वळते. तिथे हे हार्ड स्टार्टचं प्रकरण भलतंच पॉप्युलर आहे.

आपल्याकडे अशी घरं कुठायत, असं म्हणाल. आहेत की! महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओबाहेर किंवा फोर्टातल्या एखाद्या शूटिंगच्या वेळी रस्त्याकडेला ओळीने लागलेल्या व्हॅनिटी व्हॅन पाहिल्यात ना? आत सोफा, आरसा, टॉयलेट आणि अर्थातच एसी. शूटिंगच्या जागी हे सगळं जनरेटरवर चालतं. जनरेटरचं गणित बेस्टच्या लाइनसारखं नसतं. मोठा लोड एकदम आला की इंजिन दबतं, व्होल्टेज पडतं आणि विजेची लयही बिघडते. म्हणून जनरेटरवरचे एसी एकदम सुरू करायचे नसतात. एक सुरू झाला, स्थिरावला, मग दुसरा. हिरॉइनचा मेकअप वितळण्यामागे कधी कधी एवढंच कारण असू शकतं.

एक गोष्ट मात्र साफ सांगायला हवी. हार्ड स्टार्ट किट मोटरला जास्त जोर देतं, त्यामुळे ती लवकर सुरू होते आणि जड करंटचा काळ कमी होतो. पण ते करंटचा तो पहिला धक्का जादूने नाहीसा करत नाही. धक्काच कमी करायचा असेल तर सॉफ्ट स्टार्टर नावाचं वेगळं इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळतं, आणि ते महाग असतं. बिल कमी होईल म्हणून कुणी किट विकत असेल तर हसून ‘नको’ म्हणा. सेकंदभर काम करणारी वस्तू महिन्याच्या बिलात काय फरक पाडणार?

खरा लोच्या वायरीत!

आता येतो मुद्द्याचा भाग. गिरगाव, लालबाग, परळच्या अनेक इमारती १९४० च्या आधीच्या. लाकडी जिने, लाकडी तुळया, लांबलचक कॉमन गॅलरी. त्या बांधल्या तेव्हा खोलीत दोन दिवे असले तरी चंगळ वाटायची. नंतर पंखा आला, रेडिओ आला, टीव्ही, फ्रिज, मिक्सर, गिझर, वॉशिंग मशीन आणि शेवटी एसी. वस्तू वाढत गेल्या, पण मीटरपासून खोलीपर्यंतची वायर बऱ्याच घरांत तीच राहिली.

तळमजल्यावर मीटर आणि तुमची खोली तिसऱ्या माळ्यावर, गॅलरीच्या टोकाला. समजा, वायरीची वाट ३० मीटर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणजे ६० मीटर. वायर तांब्याची पण एक एमएमची असेल तर तिचा अडथळा होतो साधारण एक ओहम. एसी चालू होताना ३५ अँपिअर ओढतो, म्हणजे वाटेतच जवळजवळ ३८ व्होल्ट गळाले. खाली २३० असतील तर एसीच्या तोंडी पोचले १९२!

‘मग काय झालं, थोडे कमीच ना?’ इथेच तर मेख आहे. मोटर सुरू करणारा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. १९२ व्होल्टला तो जोर उरतो जेमतेम सत्तर टक्के. तीच वायर चार एमएमची असती तर गळती दहा व्होल्टच्या आसपास आणि जोर नव्वद टक्क्यांहून जास्त. म्हणजे किट न लावताच अर्धी लढाई जिंकली!

आणि ही नुसती गारव्याची गोष्ट नाही. वायरीला कुठे तरी पीळ मारून टेप गुंडाळलेला जुना जॉइंट असतो. तो सैल होऊन त्याचा अडथळा अर्धा ओहम झाला, तरी आठ अँपिअरवर तिथे ३२ वॉट उष्णता तयार होते. लॅमिंग्टन रोडवर मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे तुमच्या लाकडी तुळईला टेकून एक सोल्डरिंग आयर्न रात्रभर चालू आहे, आणि घरातले सगळे दार-खिडक्या लावून गाढ झोपलेत! अशा घरात किट लावून एसी एकदाचा सुरू झाला तर आनंद कमी आणि काळजी जास्त वाटायला हवी. आधी निदान एसी बंद पडून ओरडत तरी होता. आता तो गप्प राहून तीच वायर रात्रभर तापवत राहणार.

म्हणून नियम एकच. किट ही ताकदीची गोळी आहे, औषध नव्हे. आधी दुखणं शोधा.

मेस्त्री काय करतो, ते उभं राहून बघा

हे काम स्वतः करायचं नाही. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते आणि ती जबरदस्त झटका देते. पण चांगला मेस्त्री कोणत्या क्रमाने काम करतो हे माहीत असलं तर तुम्हाला कुणी गंडवू शकत नाही. तो क्रम साधारण असा असतो.

आधी तो एसीचा एमसीबी खाली पाडतो, प्लग काढतो आणि टेस्टर लावून खात्री करतो. मग पुढची जाळी, पत्रा काढून रनिंग कपॅसिटर गाठतो. त्यातली साठलेली वीज रेझिस्टर लावून हळूहळू उतरवतो. दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून फटाका वाजवणारा ‘ए, देख कमाल’ टाइप मेस्त्री असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मग वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर एक फोटो. तो तुम्हीच काढा, नंतर उपयोगी पडतो.

आता मोजमाप. कपॅसिटर मीटरवर लावून त्याचा आकडा डब्यावरच्या आकड्याशी ताडायचा. नव्या रनिंग कपॅसिटरमध्ये पाच टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे चालतं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त खाली घसरला असेल, वरचा भाग फुगला असेल किंवा तेल झिरपत असेल तर आधी तो बदलायचा. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, अंदाजपंचे ‘थोडा बडा डालता हूँ’ नाही. गंमत म्हणजे बऱ्याच घरांत गोष्ट इथेच संपते. काहीशे रुपयांच्या डब्यासाठी हजारोंचा कॉम्प्रेसर भंगारात जाता जाता वाचतो!

त्यानेही काम झालं नाही तर पुढची पायरी. कॉम्प्रेसरच्या सी, एस आणि आर या तीन टोकांमधला अडथळा मोजायचा. एस-आरचा आकडा बाकीच्या दोन आकड्यांच्या बेरजेएवढा आला पाहिजे. कुठलंही टोक बॉडीला लागलेलं नको. मग एसी सुरू करताना प्लगवर व्होल्टेज किती पडतं ते बघायचं आणि क्लॅम्प मीटरने करंट. व्होल्टेज धाडकन पडत असेल तर दोष वायरीचा किंवा जॉइंटचा. व्होल्टेज ठीक, वाइंडिंग ठीक, कॉईल स्वच्छ आणि कपॅसिटर नवा, तरीही जुना कॉम्प्रेसर अडखळतोय? आता हार्ड स्टार्ट किटची पाळी.

दोन वायरींचं किट असेल तर ते रनिंग कपॅसिटरच्या दोन टोकांना समांतर जोडतात. जुना डबा काढून त्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला! डब्याला तीन टोकं असतील, म्हणजे पंखा आणि कॉम्प्रेसर दोघांचा कपॅसिटर एकाच डब्यात असेल, तर किट ‘सी’ आणि ‘हर्म’ या टोकांवर बसतं. पंख्याच्या टोकाला हात लावायचा नाही. किटचा आकडा कॉम्प्रेसरच्या क्षमतेप्रमाणे निवडायचा. वायरींना थिंबल घट्ट दाबलेले हवेत आणि किट क्लिपने पक्कं बसवलेलं हवं. कॉम्प्रेसरच्या तापलेल्या पाइपला चिकटलेलं नको आणि खाली साचणाऱ्या पाण्यातही नको. दक्षिण मुंबईत समुद्राची खारी हवा टोकं लवकर गंजवते, म्हणून उघडी टोकं झाकायला विसरायचं नाही.

शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. किटच्या एका वायरीभोवती क्लॅम्प मीटर लावून एसी सुरू करायचा. करंट एकदम उसळून लगेच शून्याजवळ आला तर पैलवान वेळेवर बाहेर पडला. रिले पीटीसीचा असेल तर अगदी किरकोळ करंट राहतो, तो चालतो. पण आकडा मोठाच राहिला तर तत्क्षणी एमसीबी पाडायचा. रिले चिकटलाय आणि डबा फुटायची वाट बघतोय.

इथे किट नकोच!

इन्व्हर्टर एसी असेल तर या लेखातलं किट विसरून जा. त्यातली मोटर इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या तालावर हळूहळू वेग घेते, तिला धक्क्याची गरजच नसते. त्यात बाहेरचा कपॅसिटर घुसवला तर महागडं सर्किट उडेल. आणि हो, इन्व्हर्टर एसी म्हणजे घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालणारा एसी नव्हे. नाव एक, माणसं दोन!

वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या मेस्त्रीला हातही लावू देऊ नका, कंपनीच्या माणसाला बोलवा. आर-३२ किंवा आर-२९० गॅसच्या एसीतही गल्लीतला जुगाड नको. हे गॅस पेट घेऊ शकतात, आर-२९० तर म्हणजे चक्क प्रोपेन. गळती असेल तिथे रिलेची ठिणगी कुणाला हवीय?

आणि किट लावूनही महिन्याभरात पुन्हा ‘घुं-टक्’ सुरू झालं तर दुसरं, आणखी मोठं किट लावत बसू नका. कॉम्प्रेसर आतून झिजलाय, तो निरोप घेतोय. त्याला जाऊ द्या. जुना सेकंडहँड एसी जितकी वीज पितो, त्या हिशेबाने नव्या स्टारवाल्या एसीचा विचार तेव्हा खरंच करण्यासारखा असतो.

फुकटातले उपाय

किटपेक्षाही स्वस्त अशा काही गोष्टी आहेत. विंडो एसीच्या मागे कबुतरांनी संसार थाटलाय का बघा. पिसं आणि काटक्यांनी कॉईल बुजली की गॅसचा दाब वाढतो आणि मोटरचं ओझंही. पावसाळ्यासाठी बांधलेली ताडपत्री ऑक्टोबरनंतर सोडा. फिल्टर दर दोन आठवड्यांनी नळाखाली धुवा.

लाइट गेली की एसीचं बटण आधी बंद करा. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळून अख्खी मुंबई अंधारात गेली होती, लोकलही जागच्या जागी थांबल्या होत्या. अशा वेळी वीज परत येते तेव्हा इमारतीतले सगळे फ्रिज, पंप आणि एसी एकाच क्षणी तोंड उघडतात आणि व्होल्टेज लटपटतं. पाच मिनिटं थांबून एसी लावलात तर गॅसचा दाबही सारखा होतो आणि गर्दीही ओसरते. पहिली लोकल सोडून दुसरी पकडायची, एवढंच!

स्टॅबिलायझर असेल तर त्यातला तीन मिनिटांचा डिले चालू आहे ना, ते तपासा. पण स्टॅबिलायझर म्हणजे वायरीवरचा इलाज नव्हे. सतत कमी असलेलं व्होल्टेज तो उचलून धरतो. सुरुवातीच्या त्या क्षणभराच्या धक्क्याला तो वेळेवर पोचेलच असं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बेस्टचं बिल काढून त्यावर मंजूर लोड किती आहे ते वाचा. एसी आला, पण लोड जुनाच असेल तर तो वाढवून घेण्यासाठी रीतसर अर्ज करा. एसीसाठी मीटरपासून वेगळी चार एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग घ्या. हे काम लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच. वायर, एमसीबीचा भाव करायला लोहार चाळीत एक चक्कर मारा. घासाघीस करा, पण हलक्या मालावर नको.

‘बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे, आता कशाला वायरिंगवर खर्च?’ हे वाक्य आपल्या भागातल्या प्रत्येक जिन्यावर ऐकू येतं. टॉवर होईल तेव्हा होईल. बिल्डर, म्हाडा आणि सोसायटीच्या मीटिंगांना तारीख असते, शेवट नसतो. तोवर किती मे महिने जातील याचा हिशेब कुणाकडेच नाही. आजी मात्र याच मे महिन्यात त्याच खोलीत झोपणार आहे, त्याच वायरीखाली.

मेस्त्री येण्याआधी पाच प्रश्न

१. आवाज नेमका कसा आहे? नुसतं ‘घुं-टक्’ आहे, की एमसीबीच पडतोय? एमसीबी लगेच पडत असेल तर एसी पुन्हा लावून बघू नका.

२. एसी साधा आहे की इन्व्हर्टर? पुढच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

३. एसी सुरू होताना दिवे मंदावतात का? फक्त तुमच्याकडेच, की शेजारीही? फक्त तुमच्याकडेच असेल तर बोट तुमच्या वायरीकडे.

४. प्लगचं टोक किंवा सॉकेट काळवंडलंय का? हात लावला तर गरम लागतं का? तसं असेल तर आज रात्री एसी बंदच ठेवा. पंखा लावा, ओला पंचा खिडकीवर टाका, पण एसी नको.

५. मेस्त्रीकडे क्लॅम्प मीटर आणि कपॅसिटर मोजायचं मीटर आहे का? फोनवरच विचारा. ‘हात से पता चल जाता है’ म्हणाला, तर दुसरा नंबर फिरवा.

या पाच प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून तो एसीच्या बिलासोबत फ्रिजवर चिकटवून ठेवा. तुम्ही ऑफिसात असाल आणि मेस्त्री दुपारी आला, तर दार उघडणाऱ्या आजीलाही त्याला विचारता येईल, ‘अरे बाळा, आधी मोजलंस का?’